रात्री आठ वाजले की ट्रक थांब्यावरचं नेट का जातं

पत्रादेवीची हद्द ओलांडून महामार्ग ६६ ने गोव्यात शिरलं की संध्याकाळी धारगळच्या आसपास ट्रकांच्या रांगा दिसायला लागतात. माल वेर्ण्याला, कुंडईला नाहीतर तुयेला उतरवायचा असतो आणि कारखान्यांची गेटं सकाळी उघडतात, म्हणून चालक मंडळी रात्र इथेच काढतात. अशाच एका ढाब्यामागे मैदान आहे, साठेक गाड्या मावतात. ढाब्याच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. तिथलं वाय-फाय मी बसवलेलं नाही, पण दोन वर्षं सांभाळतोय मीच. त्यातलं पहिलं वर्ष जवळजवळ दिवसाआड भाईंचा एकच फोन: "आयज परत नेट ना रे!"

फोनची वेळही ठरलेली. आठ, सव्वाआठ. मी विचारायचो, राउटर बंद करून चालू केलात? केला. मग? "अर्धा तास चाललं, परत गेलं."

ढाबे, पेट्रोल पंप, ट्रान्सपोर्टची यार्डं, थोडक्यात जिथे माणसं उशिरा येतात आणि उजाडायच्या आत निघून जातात, तिथे हाच आजार सापडतो. तुमच्याकडे असा थांबा असेल तर पुढचं वाचून निदान राउटरचं बटण दाबणं तरी थांबेल.

"ट्रकवाल्यांना नेट हवं कशाला, रील बघायला ना?" असं एका ओळखीच्याने मला विचारलं होतं. बघतात की, का बघू नयेत. पण गुजरातेतून मशीनचे सुटे भाग घेऊन आलेला एक चालक माझ्यासमोर बसला होता. वाटेत गाडी बिघडून दोन दिवस गेलेले आणि ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत रात्री बाराला संपणार. १ जानेवारी २०२१ पासून या बिलाला २०० किलोमीटरमागे एकच दिवस मिळतो, आधी १०० ला मिळायचा. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी आठ तास किंवा संपल्यावर आठ तास, एवढ्यातच. मालकाच्या ऑफिसातला माणूस पोर्टल उघडून बसलेला, त्याला गाडी कुठे उभी आहे तो पत्ता, पिनकोड आणि गॅरेजच्या बिलाचा फोटो हवा होता. चालकाचा दिवसाचा डेटा संपलेला. वाय-फायच्या काड्या पूर्ण, आणि फोटोवर ते गोल गोल चक्र फिरतंय. सकाळी बिल मेलेलं सापडलं तर गाडी अडकते. हा माणूस रील बघत नव्हता.

तर पहिली गोष्ट. "नेट गेलं" ही तक्रार म्हणून घ्यायची, निदान म्हणून नाही. त्या दोन शब्दांखाली आमच्याकडे चार वेगवेगळे बिघाड दडलेले होते. मी आधी सगळ्यांवर एकच औषध देत होतो, म्हणून एकही बरा होत नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी मी लॅपटॉप न उघडता नुसता खाटेवर जाऊन बसलो. सोलापूरचा एक चालक साडेआठला आला, त्याचा क्लीनर दुसऱ्या गाडीतून सहालाच पोचलेला. दोघं एकाच खाटेवर, दोघांचे फोन एकाच कंपनीचे. क्लीनरच्या फोनवर क्रिकेट झकास चाललंय, आणि उस्तादांच्या फोनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" या ओळीच्या पुढे काही सरकत नाही. मी क्लीनरला म्हटलं, तुझं वाय-फाय बंद करून परत लाव. लावलं, लगेच लागलं. उस्तादांनी तेच केलं, नाही लागलं.

नेट खरंच गेलं असतं तर दोघांचं गेलं असतं. जो आधी आला त्याला मिळतं, जो नंतर आला त्याला नाही, याचा अर्थ नेट संपलेलं नाही, जागा संपलीय.

हे नीट समजून घ्या, कारण अशा थांब्यांवर बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं. प्रत्येक फोनला जोडला जाताना राउटर एक आकड्यांचा पत्ता देतो. लॉजवाला खोलीची किल्ली देतो तसाच. आमच्या राउटरात १०० पासून १९९ पर्यंतचे पत्ते वाटायला ठेवलेले होते, म्हणजे खोल्या शंभर. आणि प्रत्येक खोली चोवीस तासांसाठी दिलेली. घरात हे ठीक आहे. घरात सहा फोन, एक टीव्ही, तीच माणसं रोज. पण ढाब्यावर काल रात्री आठला आलेला फोन पहाटे पाचला उठून मडगावच्या वाटेला लागतो आणि किल्ली देऊन जात नाही. फोन निघून जातो तेव्हा राउटरला कोणी सांगत नाही. राउटर बिचारा ती खोली आज रात्री आठपर्यंत त्याच्याच नावावर ठेवतो.

आता हिशेब करा. एका गाडीत चालक आणि क्लीनर, दोघांचे मिळून सरासरी तीन फोन. चाळीस गाड्या म्हणजे एकशेवीस. शिवाय दुपारी जेवायला थांबून गेलेल्या टेम्पोवाल्यांच्या आणि पर्यटकांच्या खोल्या अडकलेल्याच. संध्याकाळपर्यंत कालच्या रात्रीचे, आजच्या दुपारचे आणि आता येणारे असे तिघे एकाच शंभरात कोंबायचे. आठला लॉज फुल्ल.

यातून आणखी एक कोडं सुटलं. चालक म्हणायचे, "इथलं नेट लॉटरीसारखं आहे, दहा-पंधरा मिनिटं धडपडलं की एखाद्याला लागतं." बरोबर आहे. काल सव्वाआठला आलेल्याची मुदत आज सव्वाआठला संपते, खोली मोकळी होते, आणि त्या क्षणी जो धडपडत असेल त्याला मिळते.

राउटर बंद-चालू केल्यावर अर्धा तास का चालायचं? आमच्या राउटरची वाटप-वही त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की वही कोरी. मग तो खुशाल पहिल्यापासून किल्ल्या वाटायला लागतो. पण आधीच्या काही फोनांच्या खिशात त्याच खोल्यांच्या किल्ल्या असतात. एका खोलीत दोन पाहुणे. एकाचं व्हॉट्सॲप जातं, दुसऱ्याचं येत नाही, थोड्या वेळाने उलट. म्हणजे ज्याला आम्ही उपाय म्हणत होतो तो आठ ते नऊच्या दरम्यान नवा घोळ घालत होता. भाईंना हे पटवायला मला बराच वेळ लागला. बटण दाबल्यावर काहीतरी हलतं हे माणसाने डोळ्यांनी बघितलेलं असतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायच्या, पानावर जाऊन मुदत, म्हणजे लीज टाइम, चोवीस तासांवरून एक तासावर आणली. काही राउटरांत ती मिनिटांत असते, तिथे १४४० च्या जागी ६०. तासाभराची मुदत ऐकून भाई घाबरले, "म्हणजे तासातासाला नेट जाईल?" नाही जात. मुदत अर्धी सरली की फोन स्वतःच राउटरला सांगतो की मी अजून इथेच आहे, आणि मुदत वाढवून घेतो. जो निघून गेलाय तो सांगू शकत नाही, त्याची खोली तासाभरात मोकळी. दुसरं, नेटवर्कचा मास्क, म्हणजे त्यात किती पत्ते मावतील ते ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.० चा २५५.२५५.२५२.० केला. त्याने वाटायला हजाराच्या वर पत्ते मिळतात. मास्क बदलायचा धीर नसेल तर नुसती मुदत कमी करा, निम्म्याहून जास्त काम तेवढ्यानेच होतं. मी पाच मिनिटांची मुदतही करून पाहिली होती. गरज नाही, राउटर उगाच बोलत बसतो.

हे करताना कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी डबी, बघून घ्या. कोणीतरी त्याला हाताने १५० हा पत्ता देऊन ठेवला होता आणि १५० तर वाटपातच. कधी ना कधी तो एखाद्या फोनला जायचा आणि गल्ल्यावरचा कॅमेरा काळा व्हायचा. त्याला वाटपाबाहेर काढला. आणि "क्लायंट आयसोलेशन" किंवा "एपी आयसोलेशन" असं जे काही तुमच्या राउटरात असेल ते चालू करा, म्हणजे एका अनोळखी फोनला दुसरा अनोळखी फोन दिसत नाही. साठ गाड्यांच्या मैदानात ते हवंच.

त्या रात्री आठला फोन आला नाही. नऊलाही नाही. मी स्वतः फोन करून विचारलं.

मग आठवड्याभराने आला. या वेळी वेगळं गाऱ्हाणं: "पान उघडत नाही" आणि "ओटीपी येत नाही." हा दुसरा बिघाड. आमच्याकडे वाय-फायला जोडलं की लॉगिनचं पान, म्हणजे पोर्टल, उघडतं; त्यात मोबाइल नंबर टाकायचा आणि एसएमएसने आलेला ओटीपी भरायचा. ही दोन गाऱ्हाणीसुद्धा वेगळी आहेत, लोक एकत्रच सांगतात.

ओटीपीची भानगड मुळात कशाला, असं विचाराल. पुष्कळ ढाब्यांवर भिंतीवर खडूने पासवर्ड लिहिलेला असतो, काम भागतं. पण दूरसंचार खात्याची २००९ ची सूचना आहे: सार्वजनिक जागी वाय-फाय द्यायचं तर वापरणारा कोण हे नोंदलेलं असायला हवं. एकतर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत, नाहीतर मोबाइल नंबरवर एसएमएसने पाठवलेला पासवर्ड, आणि ती नोंद वर्षभर ठेवायची. भिंतीवरच्या पासवर्डने कोणी काही उपद्व्याप केला तर कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात पोलीस येणार. भाईंच्या नावावर आहे.

पान का उघडत नाही? फोन वाय-फायला जोडला की तो गुपचूप एक ठरावीक साधा पत्ता उघडून बघतो. उत्तर हवं तसं आलं तर नेट आहे, भलतंच पान आलं तर इथे लॉगिन आहे, असं समजून तो खिडकी दाखवतो. ही चाचणी मधेच अडली की खिडकीच येत नाही. आमच्याकडे तीन कारणं निघाली. कोणाच्या तरी सांगण्यावरून जाहिराती बंद करायला सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" घातलेला, हे सर्वांत जास्त. फोनात व्हीपीएन चालू. आणि एका जुन्या फोनची तारीखच दोन वर्षं मागे, त्यामुळे कुठलीच सुरक्षित साइट उघडेना. उपाय एकच छापून गल्ल्यापाशी लावलाय: प्रायव्हेट डीएनएस "ऑटोमॅटिक" करा, व्हीपीएन बंद करा, ब्राउझर उघडून हा पत्ता टाइप करा. खाली राउटरचा पत्ता मोठ्या आकड्यांत. मराठीत, हिंदीत आणि कन्नडात. कन्नड पाटी एका हुबळीच्या चालकानेच लिहून दिली, चहावर.

ओटीपी न येण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका दिवसात सगळ्यांचे ओटीपी बंद. पोर्टल चालवणारी कंपनी म्हणते, आमच्याकडून एसएमएस जातोय. जात होताच, पण पोचत नव्हता. आपल्याकडे असा एसएमएस पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो आणि पाठवलेला मजकूर नोंदीशी जुळला नाही तर तो वाटेतच अडवला जातो. कंपनीतल्या कोणीतरी हौसेने संदेशात "स्वागत आहे" अशी ओळ वाढवली होती. त्या स्वागतापायी दोन दिवस कोणालाच आत येता आलं नाही. असं एकाएकी आणि सगळ्यांचंच झालं तर राउटरला हात लावू नका, पोर्टलवाल्यांना विचारा की मजकूर कधी बदलला.

आणि एकट्या-दुकट्याचा येत नसेल तर त्याच्या रिचार्जची मुदत बघा. वैधता संपून काही दिवस झाले की येणारे एसएमएसही थांबतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पोर्टलमध्ये आणखी एक मेख होती. दोन तासांनी आपोआप लॉगआउट. चालक दहाला झोपतो, पहाटे पाचला उठतो, निघण्याआधी घरी फोन लावायला जातो तर परत ओटीपी. ती मुदत बारा तास केली. काही आयफोन उघड्या नेटवर्कवर आपला मॅक ॲड्रेस, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मधूनमधून बदलतात, त्यामुळे त्यांना पोर्टल नवीनच पाहुणा समजतं आणि पुन्हा नंबर मागतं. त्याला माझ्याकडे इलाज नाही. ट्रकच्या केबिनमध्ये आयफोन तसेही कमीच.

कर्नाटकच्या हद्दीकडच्या मोल्याला मात्र हे सगळं उलटं पडलं. तिथे अनमोडचा घाट चढायच्या आधी गाड्या थांबतात, भोवती अभयारण्याचं जंगल, मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. म्हणजे जिथे वाय-फायची सगळ्यांत जास्त गरज, तिथेच ओटीपीचा एसएमएस पोचत नाही. एका चहावाल्या मित्रासाठी मी तिथे पोर्टल बसवलं आणि पहिल्याच रात्री चालक फोन हात वर करून रस्त्याच्या कडेला रेंज शोधत फिरताना दिसले. मला लाज वाटली. तिथे ओटीपी काढून टाकला. लायसन्स दाखवा, झेरॉक्स ठेवा, कुपन घ्या. झेरॉक्सचं मशीन नाही म्हणून मित्राने जुना प्रिंटर आणला. कटकट आहे, पण चालते.

दुसरी वाट पीएम-वाणीची, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेची. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. त्यात चहाच्या टपरीवालाही पीडीओ, म्हणजे वाय-फाय देणारा, होऊ शकतो. लायसन्स नाही, फी नाही. चालकाने ॲपमध्ये एकदा नोंदणी केली की पुढच्या पीएम-वाणीच्या जागेवर परत ओटीपी लागत नाही, आणि मोल्यासारख्या ठिकाणी हाच तर अडसर आहे. पूर्वी अडायचं ते कनेक्शनच्या दरापाशी, कारण कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाइन, म्हणजे स्वतंत्र जोडणी, घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला घरच्या दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाहीत. कागदावर छान. पण चालकाला आणखी एक ॲप टाकायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. मी सध्या कुपन आणि पीएम-वाणी, दोन्ही ठेवलंय.

आता तिसरा बिघाड. याच्यात राउटर, पोर्टल, कंपनी कोणाचाच दोष नव्हता.

काही रात्री मैदानाच्या मागच्या अर्ध्या भागात नेट मरायचं. काही रात्री नाही. मी तक्रारींच्या तारखा मांडल्या, वारांशी जुळेना, पावसाशी जुळेना. मग भाईंचा पोरगा म्हणाला, "दादा, पुढे मोठे कंटेनर लागले की जातं." तोवर मी दिवसाच जाऊन तपासत होतो, तेव्हा मैदान रिकामं. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारं यंत्र, ढाब्याच्या भिंतीवर, दहा फुटांवर. उंच कंटेनर, ज्याला हाय क्यूब म्हणतात, तो नुसताच साडेनऊ फूट. ट्रेलरच्या पाठीवर चढला की चौदा फुटांच्या आसपास. अशा पाच गाड्या शेजारी शेजारी लागल्या की पत्र्याची भिंतच. मागच्यांना सावली.

पोल उभा केला, बावीस फुटांचा. पण कुठे उभा करायचा यात खरी गंमत. ट्रकची केबिन तीन बाजूंनी पत्रा, काच फक्त समोर आणि थोडी बाजूला. पहाटे निघायला सोपं म्हणून गाड्या नाक रस्त्याकडे करून लावतात. म्हणजे सगळ्यांच्या काचा रस्त्याकडे. सिग्नल ढाब्याकडून, पाठीमागून मारत होतो आम्ही. पोल रस्त्याच्या कडेला गेला आणि तेवढ्यानेच झोपायच्या जागेवर फोनमधली सिग्नलची ताकद उणे ८० वरून उणे ६५ च्या आसपास आली. उणे चिन्हाने घोटाळू नका; आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला.

पॉवर पूर्ण वर ठेवण्याचा मोह टाळा. ॲक्सेस पॉइंट ओरडला की फोनला ऐकू जातं, काड्या पूर्ण दिसतात. पण फोनचा आवाज लहान, तो परत पोचत नाही. काड्या पूर्ण आणि नेट नाही, यामागे हे असू शकतं. दोन ॲक्सेस पॉइंट मध्यम पॉवरवर एकापेक्षा बरे. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल, दोघांना वेगवेगळा. पाच गिगाहर्ट्झमध्ये काही चॅनेलांवर रडारची चाहूल लागली की यंत्राला जागा सोडावी लागते. मोपा विमानतळ इतका जवळ असताना मी त्या चॅनेलांच्या वाटेला गेलो नाही.

मैदानाच्या टोकाला दुसरा पोल. तिथपर्यंत अडीचशे मीटर. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरपुढे धरवत नाही, म्हणून छपरावरून पोलापर्यंत बिनतारी दुवा टाकला. फेब्रुवारीत टाकला, दुर्बिणीतून बघून, समोर पोल स्वच्छ दिसत होता. मे महिन्यापर्यंत एक तक्रार नाही. जुलैत दुवा दिवसातून दहा वेळा तुटायला लागला. पावसाने डबीत पाणी गेलं म्हणून डबी बदलली. जोड कुजले म्हणून जोड बदलले. शेवटी छपरावर छत्री घेऊन उभा राहिलो आणि परत दुर्बिणीतून बघितलं. पोल दिसेना. मधे सागवान. फेब्रुवारीत पानगळ होऊन नुसते खराटे उभे होते, पाऊस पडला आणि परातीएवढी पानं फुटली, तीही ओली. पाणी हे या लहरींचं वैरी. शिवाय नुसती रेघ मोकळी असून भागत नाही. अडीचशे मीटरच्या पाच गिगाहर्ट्झ दुव्याला मध्यावर त्या रेघेच्या चहूबाजूंना सुमारे १.८ मीटर जागा लागते, तिच्यातला बहुतेक भाग तरी मोकळा हवा. झाडं शेजारच्यांची, तोडायचा प्रश्नच नाही. पोलावरची थाळी आठ फूट वर नेली. गोव्यात असा दुवा टाकायचा असेल तर तो श्रावणातल्या झाडांकडे बघून टाका, शिमग्यातल्या नाही.

चौथा बिघाड विजेचा, आणि तो ओळखायला सोपा, फक्त बघायचं कुठे ते माहीत हवं. ॲक्सेस पॉइंटच्या पानावर "अपटाइम" लिहिलेला असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. भाई म्हणतात कोणी हात लावला नाही, आणि अपटाइम दाखवतोय अकरा मिनिटं. म्हणजे यंत्र आपोआप बंद होऊन चालू होतंय. रस्त्याकडच्या पोलाला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते. केबल ऐंशी मीटर, मर्यादेच्या आत. पण तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. अशी केबल स्वस्त मिळते आणि वजनालाही हलकी लागते, हातात घेतली तरी शंका यावी. तिच्यात वीज वाटेतच गळते. दुपारी दोन फोन असतात तेव्हा भागतं, रात्री पन्नास फोन लागले की यंत्राची भूक वाढते आणि ते मान टाकतं. परत आठ वाजताच! पहिल्या बिघाडाचीच वेळ, म्हणून कित्येक दिवस मी यालाही पत्त्यांचाच घोळ समजत होतो. शुद्ध तांब्याची केबल ओढली, प्रश्न संपला.

त्याच डबीत मुंग्यांनी घर केलं होतं आणि एक पाल वाळून चिकटलेली होती. छिद्रं सिलिकॉनने बुजवा, खालचं एक सोडून. ते पाणी निथळायला लागतं. अर्थिंगकडेही बघा. चिऱ्याच्या कातळावर नुसती सळई ठोकून अर्थिंग होत नाही, खड्डा नीट भरावा लागतो, नाहीतर मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात पोलावरचं यंत्र जातं.

वेग कमी असल्याची तक्रार मी शेवटी ठेवतो, कारण तिचं उत्तर सोपं आहे. एका फोनला २ एमबीपीएस एवढी मर्यादा घातली. व्हिडिओ कॉल होतो, साध्या दर्जाचा व्हिडिओ चालतो. त्याआधी दोन-तीन फोन दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवायला लागले की बाकीच्यांचं सगळं तुंबायचं.

आणि हो, कधीकधी नेट खरंच गेलेलं असतं. फायबरच्या डबीवर "एलओएस" चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल तर बाकी काही तपासू नका. रस्त्यात कुठेतरी जेसीबी चालू असेल. कंपनीला फोन करा आणि चहा घ्या.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात राउटर पडतो आणि ती वाटप-वही परत कोरी होते. मुदत तासाभराची असल्यामुळे आता घोळ थोडक्यात आवरतो, पण होतो. राउटर आणि फायबरची डबी दोघांना पुरेल असा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मागवलाय. चवथीच्या आधी गाड्या वाढतात, त्याच्या आत बसवायचा आहे. भाईंनी राउटरच्या प्लगवर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, पोराने बटण दाबू नये म्हणून. परवा मी गेलो तेव्हा ती अर्धी सुटलेली होती.